ओच्यातले फ्यूज

वीज कामगार संघटनेच्या चाळिसाव्या वर्धापन दिनाला आकाराम गेला, तो भाषणं ऐकायला नव्हे. त्या भाषणांची त्याला शिसारी होती. त्याच्या बायकोला, शालूबाईला, जाऊन चार महिने झाले होते. तिचं नाव एकदा तरी त्या माइकवरून निघावं, एवढ्यासाठी तो इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. खिशात चिनीमातीचा जुना फ्यूज होता.

तो मागायला अध्यक्ष कृष्णात आठवड्यापूर्वी घरी आला होता. पांढरी गाडी, पांढरी विजार, पांढरे बूट. खुर्ची सोडून दुसऱ्या कशावर चढल्याला या माणसाला पंचवीस वर्षं झाली होती.

"तात्या, हापिसात काचेची पेटी केलीया. संघटना कशातनं उभी ऱ्हायली, ते पोरांनी बघाय नको?"

"शालूचं नाव घेणार?"

"म्हंजे काय? वहिनींमुळं तर हाय की सगळं."

जाताना त्यानं तिच्या फोटोला हात जोडले. हातातला मोबाइल काही खाली ठेवला नाही.

लाइनमनचा एक नियम होता. खांबावर चढायच्या आधी विजेच्या पेटीतले फ्यूज काढायचे आणि आपल्या खिशात ठेवायचे, म्हणजे आपण वर असताना कुणी तारेत वीज सोडू शकत नाही. दुसऱ्याकडे दिलेच, तर ज्यानं दिले त्याच्याच हातात परत. मध्ये देव आला तरी द्यायचे नाहीत.

चाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी शिरोळकडच्या उसात तार तुटली होती. आकारामचा खिसा फाटलेला. शालूबाई भाकरी घेऊन आली होती, म्हणून तिन्ही फ्यूज त्यानं तिच्याकडे दिले. "मी सोता मागंस्तवर कुणाला देऊ नगंस," म्हणाला आणि उसातल्या खांबावर चढायला गेला. तिनं ते लुगड्याच्या ओच्यात खोचले.

थोड्या वेळानं साहेबाची जीप आली. कुणा बड्याच्या घरी लग्न होतं आणि मांडवात अंधार होता. जीपमधून कृष्णात उतरला. तेव्हा तो साधा हेल्पर होता, पण साहेबाच्या मागं पळायचं कसब अंगात मुरलेलं होतं.

"वहिनी, द्या फ्यूज. आकाराम उतरलाय खाली."

कृष्णात उसात डोकावलासुद्धा नव्हता.

"उतरलाय तर यील की हितं. त्योच मागंल."

"साहेब तापल्यात, वहिनी."

"मग पाणी पाजा त्यास्नी."

कृष्णातनं हात पुढं केला. शालूबाई ओल्या बांधावर बसली आणि दोन्ही हात ओच्यावर दाबून धरले. साहेबाच्या शिव्या ऐकत ती तशीच बसून राहिली. आकाराम चिखलानं भरून आला, तेव्हा कुठं उठली.

दुसऱ्या दिवशी आकाराम निलंबित झाला. सगळ्या लाइनमननी पकडी खाली ठेवल्या. संघटना त्याच्या अंगणात, शालूबाईच्या चुलीवरच्या चहावर उभी राहिली. संप जिंकणार असं दिसल्यावर कृष्णात आला, आणि आला तो थेट फोटोत पुढं उभा राहिला. तिथून मागं काही सरकला नाही. पुढं नव्या पेट्या बसल्या, तेव्हा जुन्यातला एक फ्यूज शालूबाईनं मागून घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

आता कृष्णात माइकवर घसा ताणत होता.

"साहेब ओरडत होता, बंधूंनो. पण माझा सहकारी खांबावर होता. मी म्हणालो, जीव गेला तरी फ्यूज देणार नाही."

टाळ्या पडल्या.

"आणि चहापाण्यासाठी आपल्या भगिनींचीही मोलाची साथ लाभली. आता आकारामतात्यांनी तो ऐतिहासिक फ्यूज माझ्याकडं सुपूर्द करावा."

आकाराम पायऱ्या चढून वर गेला. टेबलावर झाकलेली पेटी होती. कृष्णातनं हात पुढं केला. मऊ, गुबगुबीत हात, तीन बोटांत अंगठ्या. आकारामनं फ्यूज बाहेर काढला, त्या हाताकडं बघितलं.

"किस्ना, त्या दिवशीबी तू असाच हात पुढं केलतास."

माइक चालूच होता. 

"म्हणालास, आकाराम उतरलाय. मी वरच हुतो."

"तात्या, ते नंतर बोलू. फोटो हाय आता."

"शालूनं दिला न्हाई. मी कशाला देऊ?"

त्यानं फ्यूज खिशात घातला आणि तो पायऱ्या उतरला. मागच्या रांगेतले दोन म्हातारे लाइनमन उठून त्याच्याबरोबर चालू लागले.

कृष्णात क्षणभर घुटमळला. मग फोटोवाल्याकडं बघून हसला आणि पेटीवरचं कापड ओढलं. पेटी रिकामी होती. टाळ्या पडल्याच.