विष्णुपंतांचं एकुलतं कार्ड

सदानंदची नोकरी जाऊन बावीस दिवस झाले होते आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. नोकरीबरोबर व्हिसाही रद्द झाल्यावर देश सोडायला तीस दिवस मिळतात, म्हणजे हातात उरले आठ. रोज सकाळी हा गृहस्थ टाय लावून, बायकोनं, सुहासिनीनं, भरलेला डबा घेऊन अल मनखूलच्या घरातून निघायचा आणि दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये बांधकामाच्या एका बंद पडलेल्या साइटसमोर गाडीत बसून राहायचा. दोन हजार नऊचा फेब्रुवारी होता. तशा आणखी दोन-चार गाड्या तिथे उभ्या असत. कुणी कुणाकडे बघत नसे. डबा मात्र तो पूर्ण संपवायचा, कारण उरलेली पोळी दिसली की सुहासिनी चौकशी करणार. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; पण ती किती दिवस झाकायची, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा लेक आभा प्रोजेक्ट घेऊन बसली होती. ऊद मेथाच्या शाळेत सहावीच्या मुलांना घरातल्या एका कर्तबगार माणसावर लिहायचं होतं, आणि या घरात तो मान विष्णुपंतांशिवाय कुणाला मिळणार? विष्णुपंत म्हणजे सदानंदचे आजोबा. देशाचा संघ नवा नवा परदेशी जाऊ लागला तेव्हा ते इंग्लंडात एक कसोटी खेळले, दोन्ही डावांत मिळून एकोणीस धावा केल्या. घराण्यानं त्या एकोणीस धावांवर सत्तर वर्षं मान ताठ ठेवली. पुढे लढाई पेटली, ते फौजेत गेले आणि सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या कैदेत सापडले. तिथून एकच कार्ड आलं. मजकूर छापील: तब्येत उत्तम आहे, साधारण आहे, वाईट आहे. नको ते खोडायचं. विष्णुपंतांनी ‘उत्तम’ तेवढं ठेवलं होतं. कार्ड घरी पोचलं तेव्हा त्यांना जाऊन सात महिने झाले होते.

मागाहून ते गेल्याची फौजेची तार आली, ती आजीनं मानलीच नाही. नवऱ्यानं स्वतः उत्तम आहे म्हणून कळवलंय, मग हे तारवाले कोण लागून गेले? बारा वर्षं तिनं कुंकू पुसलं नाही. बारा वर्षं भरल्यावर भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देवविला, आणि ती बाई एका दिवसात म्हातारी झाली. प्रोजेक्टमध्ये हे काही नव्हतं.

“ही वॉज सो ब्रेव्ह, ना बाबा?” आभानं विचारलं. सदानंद हो म्हणाला.

तेवढ्यात सुहासिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुण्यात ती पूर्वी शिकवायची त्या शाळेत शिक्षिकेची जागा निघाली होती. मुख्याध्यापिका मृणालिनीबाईंनी तिच्यासाठी ती आठवडाभर अडवून धरली होती, आणि आज उत्तर हवं होतं.

“अरे, या मंदीत रोज कुणी ना कुणी परत जातंय,” ती म्हणाली. “तुझ्या नोकरीचं नक्की आहे ना? असेल तर मी नाही म्हणून कळवते.”

सांगायला याहून सोपी वेळ कुठली? पण सवयीचा गुलाम झालेला माणूस.

“नक्की. काम जोरात चालू आहे,” तो म्हणाला, आणि वर इन्शाल्ला म्हणून देवालाही त्यात ओढलं.

हात-पाय धुऊन तो परत आला. टेबलावर कार्डाची झेरॉक्स होती. लहानपणापासून त्यानं त्यातलं ‘उत्तम’ तेवढंच पाहिलं होतं. आज त्याला ‘वाईट’वरची रेघ दिसली. एकदा नाही, चार-पाचदा गिरवलेली, खालचं अक्षर कुणाला वाचताच येऊ नये अशी. त्याला आजीची बारा वर्षं आठवली. झेरॉक्स हातात घेऊन तो तसाच स्वयंपाकघरात गेला.

“सुहास, माझी नोकरी गेली. बावीस दिवस झाले.”

नकाराची मेल जाऊन दहा मिनिटं झाली होती. तिनं लगेच पुण्याला फोन लावला. मृणालिनीबाई हळहळल्या, पण दुसऱ्या बाईंना त्यांनी तेवढ्यात होकार देऊन टाकला होता. सुहासिनीनं फोन ओट्यावर ठेवला.

“‘उत्तम’ ठेवताना आजोबांच्या डोक्यावर बंदूकवाला उभा होता,” ती म्हणाली. “तुझ्या डोक्यावर कोण होतं?”

ती रडलीही नाही, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटली. आभाला हे तू सांगायचंस, मी नाही सांगणार, एवढं बोलून तिनं गॅस बंद केला.

सदानंद लेकीसमोर जाऊन बसला. मराठीत तोंडातून शब्द फुटेना, म्हणून त्यानं ते इंग्रजीत सांगितलं, ऑफिसात त्याला सांगितलं होतं तसंच.

आभानं पेन खाली ठेवलं आणि मराठीत विचारलं, “मग बाबा, तुम्ही रोज जात होतात कुठे?”