गोठीक कमान

कोंडीबा गवंड्यानं थापी चुन्याच्या घमेल्यात आपटली आणि तो परांचीवरून खाली उतरला.

"हवालदार, माथ्यावर कळीचा दगड न्हाई, आन कमान उभी ऱ्हाईल म्हंता? मला न्हाई पटत."

"दोनी बाजूचं चिरं वर एकमेकाला टेकीव. बास," लालासाहेब म्हणाला.

त्याची बायको शालूबाई भाकरीचं फडकं सोडत होती. नवऱ्याचं एवढंसं बोलणं दिवसभर पुरवून वापरायची तिला आता सवय झाली होती. इटलीच्या लढाईवरून तो येऊन आठ महिने झाले होते. आल्या आल्या त्यानं मळ्यात घर काढलं. घर तसं साधंच, पण पुढचं दार वर टोकदार, दोन्ही खिडक्याही तशाच. साताऱ्याच्या ओव्हरसियरनं लालासाहेबानं काढलेला नकाशा बघून 'ही गॉथिक पद्धत' असं सांगितलं आणि गावानं चार दिवसांत त्याचं 'गोठीक' करून टाकलं. गडी साता समुद्रापार जाऊन आला आणि बांधतोय काय, तर गोठा! पारावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

हसण्यावारी गेलं असतं तर बरं होतं. पण सांगलीहून रंगुबाई मावशी आली आणि दाराचा टोकदार साचा बघून तिनं शालूबाईला बाजूला घेतलं.

"अगं, मिशनवाल्यांच्या देवळाला असलंच दार असतंय. तुझा दाल्ला बाटला तर न्हाई न्हवं?"

मावशी गेली, पण कुसळ मागं राहिलं. हा माणूस देवळात जात नव्हता. जोतिबाच्या आळीतून तर तो पाऊलही टाकत नव्हता. जोतिबा त्याचा लहानपणचा सोबती, एकाच दिवशी दोघे पलटणीत भरती झालेले. परत आला तो एकटा लालासाहेब. आला खरा, पण माझा म्हणून आलाय का, हेच शालूबाईला कळत नव्हतं.

कोंडीबा जेवून बाभळीखाली कलंडला, तेव्हा तिनं धीर केला.

"आवं, खरं सांगा. तुमी देव बदलला का?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. हसतो की काय असं तिला वाटलं, पण तो हसला नाही.

"देव न्हाई बदलला. तिकडं एका पडक्या चर्चात आमी अडकलो व्हतो, मी आन जोत्या. माझ्या पायात गोळी. तोफा सुरू झाल्या, छप्पर गेलं, भिंतीबी गेल्या. दाराची कमान तेवढी उभी ऱ्हायली. तिच्याखाली व्हतो, म्हनून वाचलो."

"आन जोतिबा भावजी?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मोडून मोडून त्याचा भुगा झाला.

"त्यो भाईर गेला व्हता. पानी आनाया. तहान मला लागली व्हती."

आठ महिन्यांत या माणसानं एकदाही शालूबाईकडं पाणी मागितलं नव्हतं. तहान लागली की स्वतः उठून रांजणाशी जायचा. आपल्या हातचं पाणीही याला नकोसं झालं, म्हणून ती मनातल्या मनात किती दिवस रुसून बसली होती!

तिनं दुसरी भाकरी काढून त्याच्यापुढं ठेवली.

चुना धरल्यावर पंधरा दिवसांनी कमानीखालचा लाकडी साचा काढायचा ठरला. लालासाहेब आत जाऊन बरोबर कमानीखाली उभा राहिला. कोंडीबानं हात जोडले, पण तो हलेना. मग शालूबाईच पदर खोचून पुढं झाली.

"आवं, सरका जरा."

"वैनी, तुमी तरी भाईर ऱ्हावा!" कोंडीबा ओरडला.

"साच्याखालच्या पाचरी काढा, कोंडीबा," नवऱ्याशेजारी उभी राहत ती म्हणाली.

कोंडीबानं देवाचं नाव घेऊन हातोडा मारला. एकेक पाचर निघाली, साचा खाली बसला, चुन्याचा धुरळा दोघांच्या डोक्यावर उतरला. वरचे दोन चिरे एकमेकांना टेकून होते तसेच राहिले.

"ऱ्हायली की गड्या!" कोंडीबा स्वतःशीच म्हणाला.

लालासाहेबाला ठसका लागला. खोकून खोकून त्याचे डोळे भरून आले. भिंतीला हात टेकून तो कसाबसा म्हणाला,

"पानी दे गं."

शालूबाई कमानीतून बाहेर गेली, आणि भरला तांब्या घेऊन परत आली.