मामांच्या व्हॅनमधला मीटर

"आरपीएमचा मीटर? मामा, तुला पोरं शाळेत सोडायचीत का शर्यत लावायचीय?"

दाजी हसत होते. हसताना दाजींचं तोंड पुरतं उघडायचं, त्यामुळे मामांना सगळं व्यवस्थित वाचता आलं. वर्षभर ते माणसांची तोंडं वाचूनच दिवस काढत होते. उजवा कान केव्हाच संपावर गेला होता, डावा हल्ली मनात आलं तर काम करायचा, आणि हे जगात एकट्या मामांना ठाऊक होतं.

"हौस आहे, दाजी. एकुलत्या एका मेहुण्याची एवढी हौस पुरवा की."

"पुरवतो बाबा. तुझ्या ताईला कळलं तर ती मीटर माझ्याच टाळक्यात बसवेल."

हौस कसली! सव्वीस वर्षं मामांनी ही शाळेची व्हॅन कानानं चालवली होती. इंजिन किंचाळायच्या आत वरचा गिअर, कण्हायच्या आत खालचा, आणि तोही इतका अलगद की मागे पेंगणाऱ्या पोराची मान हलायची नाही. आता इंजिन अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायचं आणि मामा आपले शांत. परवा एक आई म्हणाली, "मामा, गाडी फार ओरडते हो हल्ली." त्याच दुपारी त्यांनी हा मीटर आणला. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते काटा दाखवणार. कान नाही तर नाही, डोळे धडधाकट होते. कुणाला पत्ताही लागणार नव्हता. आणि लागला, तर व्हॅन गेली. व्हॅन गेली की 'मामा' अशी हाक तरी कोण मारणार?

सगळा विचार त्यांनी केला होता. फक्त एक सोडून. मीटर जोडायला दाजींना डॅशबोर्डखाली आडवं व्हावं लागणार होतं.

दाजी पाठीवर झोपून आत सरकले. बाहेर उरले दोन पाय. पायांना तोंड नसतं.

मामा स्टिअरिंगवर, हात चावीवर. खालून काहीतरी आलं, रिकाम्या पिंपात कुणी खाकरल्यासारखं. चावी लाव म्हणाले असतील. मामांनी चावी फिरवली. दाजींचा टेस्टर खाली लुकलुकला. बरोबर! मामांना घाम फुटला होता, तरी ते मनातल्या मनात हसले.

पुन्हा पिंप खाकरलं. आता काय? मामांनी पायांकडे पाहिलं. पाय स्वस्थ. म्हणजे तसंच राहू दे म्हणत असतील. पुन्हा खाकरलं, जरा जोरात. मग आणखी एकदा.

"हो हो, चालू आहे!" मामा ठणकावून म्हणाले.

पुढच्या क्षणी खाली निळी ठिणगी उडाली. जळक्या प्लास्टिकचा वास आला, दोन्ही पाय ताडकन आखडले आणि दाजी अंगठा तोंडात धरून बाहेर आले.

"बंद कर म्हणालो ना! तीनदा ओरडलो. तार सोलायला घेतली मी आणि तू—"

ते मध्येच थांबले. मामा त्यांच्या ओठांकडे बघत होते. डोळ्यांत नाही, ओठांकडे. दाजींनी अंगठा तोंडातून काढला. मग मामांच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. मामांना कळलं, दाजी तिथून काहीतरी बोलताहेत. त्यांनी मान वळवली नाही. काय उपयोग?

दाजी पुन्हा समोर आले. "कधीपासून?"

"वर्ष झालं."

"ताईला?"

"नाही. कुणालाच नाही." मामा घाईघाईनं बोलू लागले, "पण हॉर्नचं काय, मागची गाडी आरशात दिसतेच की. आणि आता हा मीटर आला म्हणजे—"

"आणि मागे एखादं पोर रडलं तर?"

मामांनी चावी बंद केली. आता कशाला, पण केली.

"गेल्या मंगळवारी चिमणीचं बोट दारात अडकलं," ते म्हणाले. चिमणी म्हणजे व्हॅनमधली सगळ्यात लहान पोरगी. "मी आरशात बघितलं, दाजी. बघितलं नाही असं नाही. अकराच्या अकरा तोंडं उघडी. मला वाटलं, गातायत पोरं. मीपण मान डोलावली."

दाजींनी जळलेला फ्यूज उपसून काढला.

"सिग्नलला थांबलो तेव्हा एकानं माझी कॉलर ओढली. नख गेलं तिचं. तिच्या आईला मी सांगितलं, दाराची कडी ढिली झालीय."

दाजींनी फ्यूज बदलला. लाल तार चावीच्या लाईनला, काळी पत्र्याला आणि शेवटी हिरवी, इंजिनकडून फेरे मोजून आणणारी. काम त्यांनी अर्धवट सोडलं नाही. मामांनी इंजिन सुरू केलं. काटा थरथरत उठला आणि आठशेवर स्थिर राहिला. मामांनी हळूच पाय दाबला. दोन हजार. तीन. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना आपलं इंजिन समजत होतं. ते बघत राहिले, ऐकल्यासारखे.

मग त्यांनी इंजिन बंद करून चावी काढली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली.

"चारला शाळा सुटते," ते म्हणाले. "ब्रेक थोडा लवकर लागतो, जपून."

चार वाजता दाजी व्हॅन चालवत होते, गिअर चुकवत. शेजारच्या सीटवर मामा उलटे बसले होते. गुडघे सीटवर, हनुवटी सीटच्या पाठीवर, तोंड पोरांकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच रस्ता त्यांच्या पाठीमागे होता. तिथेच कुठेतरी काटा वर-खाली होत होता.

चिमणीनं काहीतरी विचारलं. वळण होतं, तिचा चेहरा क्षणभर दप्तराआड गेला.

"परत सांग गं बाळा," मामा म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

सगळी व्हॅन गप्प झाली, हे त्यांना दिसलं. चिमणी पट्टी बांधलेला हात सावरत पुढे सरकली, अगदी त्यांच्या नाकासमोर आली आणि एकेक शब्द सुटा करत, ओठ मोठे मोठे हलवत तिनं तेच पुन्हा विचारलं:

"आज... तुम्ही... का... नाही... चालवत?"