उंबऱ्यातलं अंथरूण

लातुरात आता डाळीपेक्षा डॉक्टरच जास्त तयार होतात की काय, असं वाटावं इतके क्लासेस झालेत. त्या क्लासेसच्या पोरींच्या एका वसतिगृहात सिंधू रेक्टर होती. मालक महादेवप्पा एके दिवशी म्हणाले, "ताई, पालक विचारायलेत, पोरींच्या मनाचं बघाया कोण हाय? तेवढा मोबाइलवरचा मानसशास्त्राचा कोर्स करा. नवी बॅच यायच्या आत सर्टिफिकेट आलं न्हाई, तर मला दुसरी बाई बघावी लागंल."

सिंधूला दुसरीकडे जायला घर नव्हतं. 'हाव' म्हणत तिने मान डोलावली.

कोर्स आपापल्या सवडीने करायचा होता. ती भाजी निवडता निवडता धडे ऐकायची. भीतीच्या धड्यात भूकंपाचं उदाहरण आलं. किल्लारीच्या भूकंपात तिची आई आणि धाकटा भाऊ भुजंग घराखाली गेले, तेव्हा ती दहा वर्षांची होती. रडू तेव्हाही आलं नव्हतं, आताही आलं नाही. गवार तेवढी जून निघाली.

शेवटी स्वाध्याय होता: भीतीच्या बाबतीत विचित्र वागणारं ओळखीचं एक माणूस निवडा, त्याच्याबद्दल लिहा. सिंधूने लई डोकं खाजवलं. तिच्या गावात असं कुणी सापडेना. भूकंपानंतर सरकारने पक्की घरं दिली तरी तिकडे सगळे अंगणात, पत्र्याखाली, नाहीतर उंबऱ्यात झोपणारे. त्यात विचित्र काय? मग तिने महादेवप्पांवरच लिहिलं. हे गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली, आतून कडी लावून खुशाल घोरतात. यांना मदतीची गरज आहे.

स्वाध्याय सोबतचे विद्यार्थीच तपासायचे. नांदेडच्या कुणा कहकशांने उत्तर दिलं, "असे तर सगळेच झोपतात, ताई. तुम्ही कुठे झोपता? त्यावर लिहून पुन्हा पाठवा."

वाचून सिंधूला काही वाटलं नाही. नोकरी टिकवायची तर लिहिणं भाग होतं. तिने लिहिलं: सिंधू नावाची एक बाई आहे. तिला खोली आहे, खाट आहे. तरी ती थंडीतसुद्धा दार उघडं टाकून उंबऱ्यात झोपते. अंथरूण एका कडेला घालते, आतून कुणी धावत आलं तर वाट असावी म्हणून. आत कुणी नसतं.

इथे तिचा अंगठा थांबला. एका कडेला का, हे तिलाही आत्ताच कळलं होतं. तिला त्या बाईची दया आली. मग तिने 'पाठवा' दाबलं आणि भात बघायला गेली.