दर दहा मिनिटांनी

संहितानं बटण दाबलं आणि पडद्यावरचा आकडा वहीत लिहिला. सकाळी एकेचाळीस होता, आता अठ्ठावन्न. खरं तर तो उतरायला हवा होता.

समोरच्या बोर्डावर नखाएवढी चिप होती. मेंदूत दोन पेशींच्या जोडावर जे घडतं ते हिच्यात घडावं, म्हणून गेली तीन वर्षं खटपट चालली होती. विजेचे ठोके पुन्हा पुन्हा दिले की जोड पक्का होतो, म्हणजे शिकतो. ठोके थांबले की हळूहळू विसरतो, आणि पडद्यावरचा आकडा उतरत जातो. शिकणं जमलं होतं. विसरणं उद्या परीक्षकांना दाखवायचं होतं. पाचांतली ही एकच चिप धड उरली होती, आणि ती विसरायचं नाव घेत नव्हती.

घाबरणं संहिताला नवं नव्हतं. मार्चमध्ये तिच्या नवऱ्याला, मुकुलला, अडतिसाव्या वर्षी हार्ट अटॅक आला, तेव्हापासून ती घाबरूनच जगत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल सांगितले, बिनधास्त जिने चढा म्हणाले. पण मुकुल ऑफिसचं काम घरूनच करायचा आणि कृष्णपुऱ्यातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरसुद्धा जायचा नाही. संहिता लॅबमधून तासातासाला फोन करून विचारायची, "छातीत दुखत नाही ना?" त्याशिवाय तिचं कामात लक्षच लागत नसे.

तिचे गाइड शरद सर आत आले.

"सर, चिप गेली बहुतेक. आकडा चढतोच आहे."

सरांनी तिची वही ओढून घेतली. सकाळपासूनच्या नोंदींनी दोन पानं भरली होती.

"हे काय? हर दस मिनिटाला रीडिंग?"

"भीती वाटत होती, सर. बिघडली तर लगेच कळावं म्हणून."

"अगं, पण रीडिंग घेतेस म्हणजे काय करतेस?"

"पल्स देते. एकदम छोटा."

"छोटा असला तरी ठोकाच ना तो? दिवसभर देत बसलीस. बिचारी विसरेल कधी? उलट पक्कं करून ठेवलंस तू." सर हसले. "चिप बढिया आहे. आता हात नको लावू. सीधं उद्या सकाळी बघ."

सर गेले. चार वाजले होते. सवयीनं तिनं घरी फोन लावला.

"नाही दुखत," मुकुल म्हणाला.

तिनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"हॅलो? ऐकतेयस ना? नाही दुखत आहे."

संहितानं समोरची उघडी वही मिटली.

"ते नव्हतं विचारायचं," ती म्हणाली. "सकाळी गच्चीवर कपडे वाळत घातलेत. काढून आणतोस?"

"मी?"

"हो. मला देर होईल यायला."

राहू दे, मी आल्यावर आणते, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. तिनं ओठ दाबून धरले. मग पलीकडे दाराची कडी वाजली.

"जातो. फोन चालू ठेवू?"

"नको."

तिनं फोन बोर्डाशेजारी ठेवला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घड्याळाकडे पाहत बसली. दहा मिनिटं झाली. अकरा झाली. तिनं हात काढले नाहीत.