चाळीस मिनिटांची पट्टी

मित्रांनो, आज मला कोणी हातात घेतले तर म्हणेल, हा तर रद्दीतला कोरा कागद! पण मी कोरी नाही. प्रसूतिगृहातल्या एका यंत्रातून निघालेली, हातभर लांबीची मी जुनी पट्टी आहे. पोटातल्या बाळाचे ठोके ते यंत्र ऐकायचे आणि माझ्यावर उमटवायचे. शाईने नव्हे. यंत्राचे गरम टोक टेकले, की माझे अंग तेवढ्या जागी काळे पडायचे.

माझे काम सारे चाळीस मिनिटांचे. दुपारी पावणेतीनला एका बाईच्या पोटाला पट्टा बांधला. ती शाळेचे गणवेश शिवणारी, आणि तिचे हे पहिलेच बाळंतपण. कळ ओसरली की ती घाबऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायची. सुरुवातीला सारे ठीक होते. मिनिटाला एकशे चाळीस ठोके, हलकी नागमोडी रेघ. मग रेघ घसरली. वर आली, पुन्हा घसरली आणि वर यायला उशीर लावू लागली. मला ओरडता येत असते तर!

सिस्टरने मात्र माझे म्हणणे ओळखले. खिशातले पेन काढून तिने माझ्या कडेला लिहिले, ‘३.०५, ठोके ९०, डॉक्टरांना फोन.’ दहा मिनिटांनी पुन्हा लिहिले, ‘३.१५, ठोके ८०, थांबा म्हणाले.’ मग तिने तिसरा फोन लावला.

“सर, एकदा वर येऊन बघा हो. मला हे बरं दिसत नाहीये.”

“खाली पन्नास पेशंट बसलेत,” पलीकडून उत्तर आले. “पहिलटकरीण आहे, वेळ लागणारच.”

डॉक्टर आले तेव्हा साडेतीन होत आले होते. माझ्यावर नजर पडताच त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. धावाधाव झाली, बाईला ऑपरेशनला नेले. मला घडी घालून फाइलमध्ये कोंबले. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. तो आलाच नाही.

मुलगी जगली. पण जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू पुरला नव्हता. ती मान धरेना, तिचे हातपाय ताठ राहत, आणि घोट घोट दूध पाजतानाही ठसका लागून जीव घुसमटे. मशीन चालवता चालवता आई दर पाच मिनिटांनी उठून तिचा श्वास चालतो का बघून यायची. हे सारे मला फार पुढे, कोर्टात कळले.

मी तेव्हा दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये, पत्र्याच्या कपाटात पडून होते. उन्हाने ते कपाट तव्यासारखे तापे. उष्णतेने आमच्यासारख्या कागदावरच्या रेघा उडतात. वर्षामागून वर्ष माझी रेघ फिकट होत गेली. आपण मरत आहोत आणि कुणाला पत्ताही नाही, ही भीती फार वाईट असते, मित्रांनो.

पाच वर्षांनी त्या आईच्या वकीलबाईंनी नुकसानभरपाईचा दावा लावला आणि फाइल मागितली. काही दिवसांनी दवाखान्याचे मोठे साहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. तिथले काम बघणाऱ्या काकांना हळूच म्हणाले, “जुन्या फायलींतले कागद गहाळ होतातच, नाही का?”

साहेब गेल्यावर काकांनी मला बाहेर काढले. निवृत्तीला आठ महिने उरले होते, पेन्शन साहेबांच्या सहीवर अडली असती. त्यांनी मला चुरगळायला मूठ आवळली. तेवढ्यात खिडकीशी ती आई उभी राहिली. पाच वर्षांची मुलगी तिच्या खांद्यावर तान्ह्या बाळासारखी टाकलेली.

“दादा, फाइल मिळेल का? चौथी खेप आहे माझी.”

काकांची मूठ सैल झाली. “बसा,” ते म्हणाले. “सगळे कागद मोजून देतो. कागदांची यादी माझ्या सहीने घ्या, म्हणजे मागून कोणी काढणार नाही.”

कोर्टात दवाखान्याच्या वकिलांनी मला दोन बोटांत धरून हलवले. “यात रेघ कुठे आहे? आणि कडेचं हे पेनाने कोणीही, कधीही लिहिलेलं असू शकतं!” आईने डोळे मिटले. संपले, असे मलाही वाटले.

मग सिस्टरला बोलावले. ती अजून त्याच दवाखान्यात नोकरीला होती. पिंजऱ्यात उभी राहताना तिने कठडा घट्ट धरला.

“अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “तीन फोन केले. चौथा करायला घाबरले. तेवढं माझंही चुकलं.”

कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांनी भिंग मागवले. माझ्या घडीच्या आतला भाग धगीपासून थोडा वाचला होता. तिथे चार बोटे रेघ शिल्लक होती. बरोबर सव्वातीनजवळची, ऐंशीवर उतरलेली. त्यांनी ती न्यायाधीशांना दाखवली, तेव्हा न्यायाधीशांनी स्वतः भिंग डोळ्याला लावून ती पाहिली आणि नोंद करून घेतली.

निकाल आईच्या बाजूने लागला. मुलीच्या जन्मभराच्या उपचारांचा, खुर्चीचा आणि सांभाळणाऱ्या बाईचा खर्च दवाखान्याने द्यायचा होता. वकीलबाई आनंदाने रक्कम सांगू लागल्या. आईने त्यांचा हात धरला.

“म्हणजे... माझी चूक नव्हती ना?”

इतकी वर्षे घरीदारी तिने ऐकले होते, की कळा नीट दिल्या नाहीस, शिवणाला वाकून बसलीस, म्हणून असे झाले. त्या दिवशी पहिल्यांदा ती कोर्टाच्या पायरीवर बसून मोठ्याने रडली. मुलगी मात्र होती तशीच होती. तिचे हातपाय कोणताही निकाल मोकळे करणार नव्हता.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी नर्स, कोणी कागद सांभाळणारा. माझ्यासारख्या पट्टीची वेळीच झेरॉक्स काढा, तिला गारव्यात ठेवा. आणि त्याआधी, ती यंत्रातून निघत असतानाच तिच्याकडे बघा.

मी आता पुसली गेले तरी चालेल. पण या क्षणी कुठल्यातरी खोलीत एखादी पट्टी निघत असेल, तिची रेघ घसरत असेल. तिच्याजवळ कोणी आहे ना? या विचाराने माझा जीव अजून थाऱ्यावर नसतो.