चाळिसाव्याचं पुस्तक

जवळ सरा मायबापहो. अग्लायाबाईने नवऱ्याच्या चाळिसाव्याला, म्हणजे तो गेल्यावर चाळिसाव्या दिवशी, एक दान केलं, त्याची कथा सांगतो. देवाचं नाव घेऊन ऐका, गोड नाही.

बोतोशानी गावच्या जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेली गाडीदुरुस्तीची पुस्तकं ती एकेक उचलून पाहत होती. चाळिसाव्याला इथे जे हातून सुटतं, ते गेलेल्याला तिकडे मिळतं. शेजारणी म्हणाल्या, कोट दे, ताटं दे. पण नेकुलायने जन्मात कुणा मेकॅनिकला गाडीला हात लावू दिला नव्हता. त्याला तिकडे बरोबर पुस्तक हवं. चुकीचं त्याने पानगळीत इथूनच नेलं होतं. त्यात पाहून ब्रेक बसवले, आणि मठाच्या उतारावर ते लागलेच नाहीत.

"कुठल्या सालची गाडी, मावशी?" विक्रेत्या साबिनने विचारलं. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं.

तिने साल सांगितलं.

"मग ते ठेवा खाली. ते आधीच्या गाडीचं. दिसायला सारखीच, पण ब्रेक बदललेत. ते वाचून बसवाल तर थेट कबरीत, सासऱ्यांच्या शेजारी जाऊन झोपाल." हसत त्याने ढिगातून दुसरं काढलं.

"हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"केस पिकले हेच विकण्यात."

"पानगळीत एक जण आला होता. लोकरीची टोपी, जरा अडखळत बोलायचा. घरी येऊन सांगत होता, तुम्ही म्हणालात, सगळी सारखीच."

साबिन पुस्तकावरची धूळ पुसत राहिला.

"तेव्हा तेवढं एकच उरलं होतं, मावशी. आलेलं गिऱ्हाईक परत कोण पाठवतं?"

पुस्तक ती खरं तर पाद्रीबाबांना दान देणार होती. त्यांचीही गाडी तीच. पण तिने पैसे दिले आणि तिथेच थांबली. पिशवीतला दानाचा, वेणीसारखा गुंफलेला पाव पुस्तकावर ठेवला, त्यात मेणबत्ती खोचून पेटवली आणि दोन्ही हातांनी ते ताडपत्रीपलीकडे धरलं.

"घ्या. माझ्या नेकुलायच्या नावाने."

असं दान नाकारता येत नाही, पुढे विकताही येत नाही. साबिनने टोपी काढली, हात पुढे केले. घेणाऱ्याने काय म्हणायचं, ते ठरलेलं असतं.

"देव त्यांना क्षमा करो."

"त्यांना," साबिनकडे रोखून पाहत अग्लायाने तेवढंच म्हटलं, आणि मग पुस्तकावरचे हात काढले.

संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा नेकुलायची आठवण असू द्या. जमलं तर साबिनचीही.